कान आणि डोळे

गाणे ऐकताना डोळे मिटावेत की उघडे ठेवावेत, या एका प्रश्नावर आमचे आणि आमच्या मामांचे आजवर कधी एकमत झाले नाही. मामा म्हणत, ज्याला डोळे मिटता येत नाहीत त्याला ऐकता येत नाही. आमचे म्हणणे असे की, मिटलेल्या डोळ्यांपुढे माणसाला बहुधा घरखर्चाचे हिशेब दिसू लागतात. त्यापेक्षा समोर एखादे चांगले चित्र असलेले काय वाईट? रोह्यास मामांच्या ओटीवर बसून हा वाद आम्ही चहाच्या दोन दोन फेऱ्या होईपर्यंत, केवळ वादाच्या हौसेने घालीत असू. पुढे मामांना काचबिंदू झाला. दृष्टी कडेकडेने मिटत गेली आणि अखेरीस उजेड व अंधार एवढाच भेद उरला. तेव्हापासून हा विषय काढण्याचे धैर्य आमच्या अंगी राहिले नव्हते. तो पुन्हा निघाला तो त्यांच्या नातवामुळे.

मामांनी आयुष्यभर सरकारी कचेरीत कारकुनी केली आणि आयुष्यभर चित्रे जमविली. कारकुनाने जमविलेली चित्रे ती कसली असणार, असे वाचकांच्या मनात आले तर त्यात त्यांचा दोष नाही. आमच्याही मनात ते पुष्कळ वर्षे होते. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला आणि तो पुढे मळवलीस नेला, त्या छापखान्यातून निघालेली लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला आणि हंसाशी बोलणारी दमयंती मामांच्या संग्रही आहेत. त्यांपैकी लक्ष्मीला मामांच्या आईने आपल्या हाताने जरीचे लुगडे नेसविले आहे, आणि टिकल्यांचे दागिने घातले आहेत. त्या काळी घरोघरच्या बायका अशी चित्रे सजवीत. छापखाना १९७२ साली आगीत गेला, पण त्याची चित्रे कोकणातल्या देवघरांत अजून आहेत. शिवाय दीनानाथ दलालांनी दिवाळी अंकांसाठी काढलेली मुखपृष्ठे मामांनी अंकांपासून सोडवून, पुठ्ठ्यावर बसवून ठेवली आहेत. ही कला की जाहिरात, असा प्रश्न एका पाहुण्याने विचारला होता. मामांनी त्याला दुसऱ्यांदा चहा विचारला नाही.

परंतु या साऱ्यांहून मामांचा जीव ज्यांत गुंतला आहे ती चित्रे वेगळीच. ती अकरा आहेत आणि जलरंगांतील आहेत. त्यांच्या लहानपणी रोह्याच्या शाळेत एक ड्रॉइंग मास्तर होते. मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांस बसवावे, वर्गात फळ्यावर घागर काढून दाखवावी, आणि रविवारी कुंडलिकेच्या काठी जाऊन स्वतःसाठी चित्रे काढावीत, असा त्यांचा क्रम होता. त्यांचे नाव कोणत्याही कोशात सापडणार नाही. मास्तर वारल्यावर ती चित्रे रद्दीत निघाली होती, ती मामांनी एका महिन्याच्या पगारात घेतली. धाटावला कारखाने येण्यापूर्वीची कुंडलिका, भरतीच्या वेळी धक्क्यास लागलेले मचवे, धुक्यातून अर्धाच दिसणारा अवचितगड, हे सर्व त्या अकरा कागदांवर आहे आणि, आम्हांस वाटते, इतरत्र कोठेही नाही.

आता नातवाविषयी. हा मामांच्या मुलीचा मुलगा, वाढला मुंबईस. त्याने शिक्षणाबरोबर गिटार धरली. गिटार म्हटले की आमच्या पिढीच्या कानांपुढे हजारा सिंग किंवा व्हॅन शिपले यांची, सिनेमाच्या गाण्यांवर घसरत जाणारी विजेची गिटार उभी राहते. ज्यांचे कान जरा बरे आहेत त्यांना ब्रिजभूषण काब्रा आठवतात. त्यांनी शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह १९६७ साली केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी पुष्कळ घरांत असे. नातवाची गिटार यांपैकी नव्हे. ती स्पॅनिश पद्धतीची, नायलॉनच्या तारांची, बोटांच्या नखांनी छेडावयाची. एकोणिसाव्या शतकात तोर्रेस नावाच्या कारागिराने तिचे पोट मोठे केले, आणि आंद्रेस सेगोव्हियाने विसाव्या शतकात तिला मोठमोठ्या सभागृहांत नेले. तथापि तिचा आवाज मुळात लहानच. पंख्याच्या घरघरीत ती बुडून जाते. मामांना नेमके हेच आवडले. ते म्हणाले, “हे वाद्य ओरडत नाही. याला ऐकायला माणसाला पुढे सरकून बसावे लागते.”

या वाक्यावरून आमच्या डोक्यात एक कल्पना आली, आणि कल्पना आली म्हणजे ती अमलात आणल्यावाचून आम्हांस चैन पडत नाही हा आमचा जुना दोष. मामांची चित्रे पेट्यांतून काढून ओटीवर आणि माजघरात मांडावीत, आणि त्यांच्यामध्ये बसून नातवाने वाजवावे. गावातील पंचवीस-तीस माणसे बोलवावीत. परदेशांत असे कार्यक्रम होतात हे आम्ही वाचले होते. संग्राहक आपली चित्रे मांडतो, वादक त्यांच्या सान्निध्यात वाजवितो, आणि मंडळी दोन्हींचा लाभ घेतात. रोह्यास हे का होऊ नये? मामा प्रथम नाही म्हणाले. “एका ताटात दोन पक्वान्ने वाढलीस तर माणूस दोन्ही उष्टी टाकतो,” असे त्यांचे म्हणणे पडले. पण नातवापुढे त्यांचे काही चालेना.

वैशाखातला दिवस ठरला. आम्ही पेणहून आदल्या दिवशीच गेलो आणि मामींच्या मदतीने चित्रे काढू लागलो. मास्तरांची चित्रे पेटीतून निघाली तेव्हा मामी जरा घुटमळल्या. कारण लगेच दिसले. अकरांपैकी चार-पाच चित्रांवर तपकिरी ठिपके पडले होते. आठव्या चित्राचे तर सगळे आकाशच डागाळले होते. मास्तरांनी, किंवा ज्याने कोणी चौकटी केल्या त्याने, कागद आणि काच यांच्यामध्ये अंतर ठेवले नव्हते. कोकणच्या पावसाळ्यात काचेच्या आतल्या बाजूस दमटपणा धरतो, कागद काचेला चिकटतो, आणि मागचा हलका पुठ्ठा आपली आंबट तांबूस छटा कागदास देऊ लागतो. बुरशीस याहून काय हवे? मामी हलक्या आवाजात म्हणाल्या, “त्यांना सांगू नकोस हो. त्यांना वाटते, ती होती तशीच आहेत.” आम्ही मान हलविली. त्या वेळी ते आम्हांस सौजन्य वाटले.

त्या संध्याकाळचे वर्णन थोडक्यात करतो. लांबविण्याजोगे त्यात काही नाही. पंखे बंद ठेवावे लागले, म्हणून लोक घामाघूम झाले. चित्रांवर दिवे सोडले होते, त्यांचा उजेड काचांवर पडून दमयंतीच्या जागी प्रेक्षकास आपलाच चेहरा दिसू लागला. वादन सुरू झाले तरी मंडळी उठून चित्रे पाहत हिंडत होती, कारण तसे करण्यास आम्हीच सांगितले होते. एक लहान मुलगा “हा हंस काय बोलतो?” असे मोठ्याने विचारीत होता, आणि त्याची आई त्याला मोठ्याने गप्प करीत होती. नातवाने तारेगाची ‘रेकुएर्दोस दे ला अल्हाम्ब्रा’ ही रचना धरली. तीत अंगठा खालचे स्वर चालवितो, आणि उरलेली तीन बोटे एकाच तारेवर इतक्या झपाट्याने फिरतात की, तुटक स्वरांचा एक अखंड धागा झाल्याचा भास व्हावा. तो धागा त्या दिवशी एकदाही सबंध ऐकू आला नाही. कार्यक्रम संपल्यावर सर्वांनी स्तुती केली, कोकम सरबत घेतले आणि मंडळी निघून गेली. मामा म्हणाले, “मला पायांचे आवाज फार छान ऐकू आले.” मास्तरांच्या चित्रांविषयी कोणी एक अक्षर काढले नव्हते. डाग कोणास दिसलेच नाहीत. आणि खरे सांगावयाचे तर त्याबद्दल आम्हांस हायसे वाटले.

दुसऱ्या दिवशी रोहे सोडून गाडी निडी, नागोठणे, कासू अशी पेणकडे चालली असता, चुकले कोठे याचा विचार आमच्या मनात घोळत होता. चित्र आणि संगीत यांचा संबंध आमच्या मुलखास नवा नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर लोक चित्रकथीचा खेळ करतात. रामायण-महाभारतातील आख्यानांच्या चित्रांच्या पोथ्या त्यांच्या घरांत पिढ्यान् पिढ्या जपलेल्या आहेत. एकेक चित्र पुढे धरावयाचे आणि वीणा, हुडुक व टाळ यांच्या साथीवर त्याची कथा गावयाची. ही परंपरा राखल्याबद्दल तेथील परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली. तेथे डोळा आणि कान एकाच वेळी काम करतात व एकमेकांच्या आड येत नाहीत. याचे कारण, त्या दोहोंमध्ये शब्द उभा असतो. सीता कोणती आणि रावण कोणता हे गाणारा सांगतो. डोळा त्याच्या मागून जातो. गिटारीस शब्द नाही. ती दमयंतीविषयी काहीच सांगत नाही. मग डोळा एका वाटेने जातो, कान दुसऱ्या, आणि माणूस मध्येच उभा राहतो.

पाश्चात्यांनी हे ओळखले असावे असे दिसते. मुसोर्ग्स्कीचा चित्रकार मित्र हार्टमान वारल्यावर त्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, त्यावरून त्याने १८७४ साली पियानोसाठी एक प्रसिद्ध रचना केली; एका चित्राकडून दुसऱ्या चित्राकडे जाणाऱ्याच्या पावलांसाठीही तीत निराळे सूर आहेत. परंतु ती ऐकणाऱ्यापुढे चित्रे नसतात. गोयाच्या ‘काप्रिचोस’ या कोरीव चित्रांवरून कास्तेलनुओवो-तेदेस्को याने १९६१ साली गिटारीसाठी चोवीस रचना केल्या, त्यांचीही तीच गोष्ट. चित्र पाहून झालेले असते, किंवा पुढे पाहावयाचे असते. ऐकतेवेळी ते समोर नसते.

आणि मग आम्हांस औंध आठवले. सातारा जिल्ह्यातल्या या लहानशा गावी बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे राजे होते. स्वतः चित्रे काढीत आणि स्वतः कीर्तनही करीत. त्यांनी १९३८ साली यमाईच्या टेकडीवर संग्रहालय उभारले. रविवर्म्याची मूळ चित्रे तेथे आहेत, आणि हेन्री मूरचे आईमुलाचे शिल्पही आहे, जे पाहून युरोपचा मनुष्य चकित होतो आणि औंधचा मनुष्य होत नाही. त्याच गावी अंतुबुवा जोशी यांनी १९४० साली आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ संगीत उत्सव सुरू केला, आणि त्यांचे चिरंजीव गजाननबुवा यांनी तो पुढे चालविला. एका आश्विनात आम्ही तेथे गेलो होतो. दुपारी टेकडीवर चित्रे पाहिली, उन्हे कलल्यावर पायऱ्या उतरून गावात आलो, आणि रात्री गाणे ऐकले. गाणे चालू असता दुपारचे एक चित्र, ज्याच्यापुढे आम्ही फारसे थांबलोही नव्हतो, आपोआप डोळ्यांपुढे आले; दुसऱ्या दिवशी सकाळी केवळ ते पाहण्यासाठी आम्ही पुन्हा टेकडी चढलो. दोहोंच्या मध्ये ती टेकडी होती. रोह्यास आम्ही टेकडी काढून टाकली होती.

पेणला आमच्या ओळखीचे एक मूर्तिकार आहेत. त्यांच्या गणपतीच्या कारखान्यात दिवाळीनंतर काही दिवस थोडी उसंत असते. त्यांस ही हकिकत सांगताच त्यांनी आपण होऊन जागा देऊ केली. कार्तिकात, थंडीची चाहूल लागली असता, मामा-मामी व नातू पेणला आले. चित्रे मोटारीतून आली. कारखान्यात लाकडी फळ्यांच्या मांडण्यांवर कच्च्या मूर्ती ओळीने बसल्या होत्या. कच्च्या म्हणजे रंग न दिलेल्या, आणि अर्थातच ज्यांचे डोळे अद्याप आखावयाचे आहेत अशा. शाडूचा ओला वास सगळीकडे होता. मधल्या दोन मांडण्या रिकाम्या करून त्यांवर आम्ही चित्रे ठेवली; दिवे बाजूने दिले, काचेवर पडणार नाहीत असे.

या खेपेस क्रम बदलला. पहिला पाऊण तास केवळ पाहावयाचे. मग दिवे मालवून, वादकाजवळ एकच ठेवून, ऐकावयाचे. कोणी उठावयाचे नाही. नंतर पुन्हा दिवे लावावयाचे. मंडळी वीस-बावीस होती, त्यांत निम्मे कारखान्यातलेच कारागीर. पहिल्या पाऊण तासात, अपेक्षेप्रमाणे, सर्वांनी लक्ष्मीच्या जरीच्या लुगड्याभोवती गर्दी केली. मास्तरांच्या चित्रांवरून लोक भराभर पुढे गेले. मग अंधार झाला. सोरचे एक लहान धडे-वजा काम, व्हिला-लोबोसचा एक प्रिल्यूड, आणि शेवटी पुन्हा ती तारेगाची रचना. बाहेर लांबवर गाडीचा भोंगा झाला, तेवढाच काय तो व्यत्यय. डोळे नसलेल्या पन्नास-साठ मूर्ती अंधारात बसल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये मामा बसले होते. आम्ही डोळे उघडेच ठेवले होते, पण पाहण्यासारखे काही नव्हते. धागा त्या दिवशी तुटला नाही.

दिवे लागले. टाळ्या झाल्या आणि आम्हांस वाटले, आता मंडळी चहाकडे वळतील. कोणी वळले नाही. का कोण जाणे, लोक हळूहळू पुन्हा चित्रांकडे गेले आणि या वेळी थांबले. एक म्हातारे गृहस्थ मचव्यांच्या चित्रापुढे चांगली दहा मिनिटे उभे होते. त्यांचे वडील मिठाच्या वाहतुकीत होते असे त्यांनी मागून सांगितले. आखणीचे काम करणारा एक तरुण कारागीर आठव्या चित्रापाशी वाकून उभा राहिला. मूर्तीचा डोळा आखताना हात केसभर चुकला तर देवाची मुद्रा बिघडते; अशा मनुष्याची नजर कागदावरून सहज कशी घसरणार? थोड्या वेळाने तो मामांजवळ आला.

“काका, एक विचारू का? रागावू नका.”

“विचार की.”

“त्या नदीच्या चित्रात वर जे ढग आहेत ना, ते चित्रकाराने काढलेले नाहीत. बुरशी धरलीय.”

मामी जागच्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. मामा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी आमच्या दिशेने मान वळविली. “तुला ठाऊक होते?”

आम्ही होय म्हणालो.

“कधीपासून?”

“रोह्याच्या कार्यक्रमापासून.”

“म्हणजे एक पावसाळा,” मामा म्हणाले. एवढेच. परंतु त्या चार महिन्यांच्या पावसात काचेआड काय काय झाले असेल याचा हिशेब त्यांनी मनात केला, हे आम्हांस त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसले, आणि आमच्या वयाच्या मनुष्यास मामांपुढे खाली मान घालून बसावे लागले. आम्ही ज्यास सौजन्य समजलो होतो त्याची किंमत आकाशाच्या आणखी एका कोपऱ्याने दिली होती. त्या कारागिराची या घराशी काही ओळख नव्हती; त्याने केवळ नीट पाहिले आणि पाहिले ते सांगितले.

त्या रात्री पेणला आमच्या घरी चौकटींचे खिळे काढून कागद काचेपासून मोकळे केले. दोन निघाले नाहीत. ते तसेच ठेवले, ओढले नाहीत. मुंबईस छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचे काम करणारी शाखा आहे, तेव्हा पुढे काय करावे हे तेथे विचारावे असे ठरले. मामा म्हणाले, “विचारायला जाशील तेव्हा ते विचारतील, मूळचे कसे होते. तू काय सांगणार? तू नीट पाहिलेस कधी?” आम्ही निरुत्तर झालो. बालपणापासून ती चित्रे आम्ही शेकडो वेळा पाहिली होती आणि आठव्याच्या आकाशाचा रंग आम्हांस सांगता येत नव्हता.

तेव्हा मामांनी आम्हांस वही घेऊन बसविले. नातवास म्हणाले, “तू हलके वाजव. शेवटचे नको, ते मघाचे लहान वाजव.” त्याने सोरचा धडा धरला. मामांनी भिंतीस पाठ टेकून डोळे मिटले. मिटून त्यांना काय फरक पडत होता, हे विचारण्याची ती वेळ नव्हती. पहिल्या चित्रापासून ते सांगू लागले: किनारा कोठे, मचवे किती, त्यांपैकी कोणाचे शीड उतरविलेले, पाण्यात सावली कोणत्या बाजूस, कोणत्या जागी मास्तरांचा कुंचला चुकून कागदाचा पांढरा तुकडा तसाच राहिला आहे. आम्ही लिहीत होतो आणि मधूनमधून समोरच्या कागदाशी ताडून पाहत होतो. पांढरा तुकडा त्यांनी सांगितलेल्या जागी होता. सातव्यापाशी ते अडले, नातवाला थांब म्हणाले, आणि मग तोच धडा पुन्हा आरंभापासून वाजवावयास लावला.

“आठवे,” मामा म्हणाले. “सकाळची वेळ. आकाश फिके पिवळे, डावीकडे किंचित तांबूस. ढग नाहीत. एकही नाही. लिहिलेस?”